डाक

काच आडवी नेत नाहीत.
हे फेरीबोटीवरच्या पोराला पटवून देईतो
दिवाडीचा धक्का आलासुद्धा.
दोन स्कूटर, सायकलवर पावाची टोपली,
मधे मी, गोधडीत गुंडाळलेली खिडकी
उभी धरून,
बाळंतघरातून परतणाऱ्या बाईला
दंडाला धरून आणावं तशी.

चार महिन्यांपूर्वी उतरवली, तेव्हा
पोट सुटलं होतं तिचं.
इतके उन्हाळे पश्चिमेला तोंड करून उभं राहिल्यावर
शिसंही थकतं. वाकतं.
खाऱ्या वाऱ्यानं पांढरं पडतं,
पिठासारखं बोटाला लागतं.
ते बोट ओठाला लावायचं नाही.
जेवणाआधी हात दोनदा, नखांना ब्रश.
आम्ही रायकर. आमच्या घरात
काम झाल्यावर हात धुतलेलं पाणी टाकत नाहीत,
त्यात सोन्याची कणी असते.
ही एक सवय मोडायला मला वर्ष लागलं.

आधी कागद ठेवून कोळसा घासला,
तिचा ठसा घेतला. मग तुकड्यांना आकडे,
एक ते एकशे बारा.
सां पेद्रूची होडी दहा तुकड्यांची,
जाळं बावीस तुकड्यांचं,
उरलेलं बरंचसं पाणीच.
आणि पाण्यात त्रेसष्ट नंबर
काचेचा म्हणावा तर काचेचा,
पण तपकिरी, जाड, गोल:
औषधाच्या बाटलीचं बूड.
उलट्या अक्षरांत कुठल्याशा फार्मसीचं अर्धं नाव.

पाद्री म्हणाले, तेवढा मात्र बदला.
मी मान डोलावली, अंदाजपत्रकात ओळ घातली:
निळी काच, एक नग.

कायतान घंटा वाजवतो कपेलात.
खिडकी काढताना शिडी त्यानंच धरली होती.
मग दर बुधवारी रायबंदरला, माझ्या शेडमध्ये,
पिशवीत चार केळी घेऊन यायचा,
स्टुलावर बसायचा,
मी सांध्याला राळ लावते, कथील सोडते ते बघत.
आमच्यात ह्याला डाक म्हणतात.
तापलेली कावी अर्धा क्षण जास्त टेकली
की शिसंच वितळतं, भोक पडतं.
डाक आणि डाग, एका अक्षराचा फरक.

अकराव्या बुधवारी त्रेसष्ट वेगळा काढून
मी खोक्यात ठेवला.
केळ्याची साल हातातच राहिली त्याच्या.
"तो फातर म्हजोच, बाय."

नऊ वर्षांचा होता. नेम चिंचेवर होता.
आईनं मार दिला नाही. कपाटातून
बापाच्या खोकल्याची बाटली काढली,
उरलेलं औषध वाटीत ओतलं,
आणि बाटली घेऊन मेस्ताकडे गेली.
बाप आठवडाभर वाटीतूनच औषध प्याला,
वाटीवर बशी झाकून,
का ते न विचारता.

कायतान आता बहात्तरचा.
पाद्री चौथे की पाचवे.
कुणालाच ठाऊक नव्हतं,
की सगळ्यांनाच होतं, कोण जाणे.

मी त्रेसष्ट धुतला, साध्या पाण्यानं, मऊ कुंचल्यानं.
अक्षरांच्या खाचेतली काजळी
दातकोरण्यानं काढली.
नवं शिसं त्याच्याभोवती जरा रुंद घेतलं,
जाड आहे ना तो.
अंदाजपत्रकातली ओळ खोडली
आणि पाद्रींना सांगितलं, निळा मिळत नाही.
मिळतो. बेल्जियमचा. महिन्याभरात येतो.

आज बसवली. साडेपाचचं ऊन
होडीतून, जाळ्यातून खाली उतरलं,
तिसऱ्या बाकाजवळच्या फरशीवर
एक गोल पडला, कोऱ्या चहाच्या रंगाचा.
कायतान त्याला वळसा घालून
घंटेकडे गेला.

जाताना सगळ्यांना बजावलं:
ब्लीच नको. ओला पेपर नको.
लांबीत जवसाचं तेल आहे,
तीन आठवडे ओली राहील,
कुणी हात लावू नका.

शेवटच्या बोटीआधी पुन्हा एकदा शिडी चढले.
त्रेसष्टच्या कडेला, ताज्या लांबीत
अंगठ्याचा ठसा. माझा नव्हे.
चाकू काढला होता. परत मिटला.